तिजोरीचा पाया

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी विभागाच्या पानावर तिजोरीचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या हे आमचे नेहमीचे विषय. परंतु गटातून फिरताना सभासद जे विचारतात त्याचे उत्तर आपल्या अंकातून शक्य तेवढे द्यावे, असा आमचा शिरस्ता आहे. आणि हा प्रश्न आम्हाला बांधावर, वस्तीवर, गट ऑफिसच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. प्रश्न बहुधा एकाच तऱ्हेचा असतो : "साहेब, तिजोरी आणलीय. बोल्ट कुठले मारू?"

आमचे उत्तरही एकाच तऱ्हेचे असते. बोल्टाचे नंतर बघू, आधी तिजोरी जिथे ठेवायची ती जमीन दाखवा.

पूर्वी बिलाची रोकड घरी यायची, आता एफआरपीचे पैसे बँकेच्या खात्यावर जमा होतात. मग तिजोरीत ठेवायचे काय, असेही काहीजण विचारतात. पण घरात अडकलेले थोडे नसते. सुनेचे, लेकीचे सोने असते. लग्न ठरले की आठ-पंधरा दिवस ते सगळे घरीच येऊन पडते. खरेदीखत, वाटणीपत्र, भागाचा दाखला, मुलांची सर्टिफिकिटे, टोळीला द्यायची उचल, मजुरांच्या पगाराची रोकड हेही असते. शिवाय आपल्यापैकी पुष्कळजण गावठाण सोडून रानात वस्तीवर राहतात. शेजार दोन-चार बांधांपलीकडे. लग्नाला किंवा यात्रेला सगळे घर बाहेर पडले की वस्तीवर कुत्र्याशिवाय कोणी नसते. चोराला तिथे दागिन्यांपेक्षाही मोलाची गोष्ट मिळते, ती म्हणजे वेळ.

छोटी तिजोरी चोर घरात फोडत बसत नाही. घण आणि ग्राइंडरचा आवाज रात्री लांब जातो. तो तिजोरीच उचलतो. साठ-सत्तर किलोची तिजोरी दोन गड्यांना जड नाही. आपल्याकडचे मजूर त्याच्या निम्म्या वजनाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. शे-दीडशे किलोची असेल तर चौघे लागतील, नाहीतर खाली सतरंजी घालून दारापर्यंत ओढतील. आणि एकदा बाहेर काढली की लपवायला जागा शोधावी लागत नाही. बारा महिन्यांचा उभा ऊस चारी बाजूंना आहेच. फडात दहा सरी आत शिरले की दिवसासुद्धा माणूस दिसत नाही. तिथे बसून निवांत फोडता येते.

तेव्हा तिजोरी जखडण्याचा पहिला हेतू हा, की ती घराबाहेर जाऊ नये. दुसरा हेतू फारसा कोणी ध्यानात घेत नाही, पण आमच्या मते तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तिजोरी उभी असेपर्यंत तिच्या दारावर पहारीने जोर करायला माणसाला नीट टेकू मिळत नाही. तीच आडवी पाडून दार वर केले की तो पहारीवर अंगाचा सगळा भार टाकू शकतो, वरून घणही मारू शकतो. जखडलेली तिजोरी पडत नाही, म्हणून तिचे दार अधिक टिकते. म्हणजे बोल्ट तळाला असले तरी राखण दाराची होते.

तिसरा हेतू लहान मुलांचा. तिजोरीचा भारी भाग दार असतो. आत फारसे काही नसताना दार सताड उघडले, आणि खालची फरशी जरा उताराला असली, की तिजोरी पुढे झुकते. त्यात पोर दाराला लोंबकळले तर काय होईल हे सांगायला नको. चोर येवो न येवो, पोरे घरात रोजच असतात.

बोल्ट तुटत नाही, जमीन सोडते

आता थोडा हिशेब करू. पाच फुटी पहार घ्या. तिचे टोक तिजोरीखाली घातले आणि टोकापासून तीन इंचांवर दगडाचा टेकू दिला. माणसाच्या हाताकडे सत्तावन्न इंच राहिले, तिजोरीकडे तीन. म्हणजे एकोणीस पट. गड्याने नुसता पन्नास किलोचा भार टाकला तरी तिजोरीखाली साडेनऊशे किलोचा जोर लागतो. एका माणसाचा, एका पहारीचा.

बोल्ट याला पुरतो का? पुरतो. १२ मिलिमीटरचा अगदी साधा, ४.६ प्रतीचा बोल्ट ओढून तोडायचा म्हटले तरी तीन टनांच्या पुढे ओढ लागते. असे चार बोल्ट असले तर लोखंडाची काळजी करण्याचे कारण नाही. पण तो बोल्ट ज्यात रुतवला आहे ती जमीन तीन टन धरणार आहे का? बैल खुंट्याला बांधताना आपण दावे किती जाड आहे एवढेच बघत नाही, खुंटा किती गेला आणि कशात गेला तेही बघतो. ओल्या रानात ठोकलेला सागवानी खुंटासुद्धा बैल मान हलवून काढतो.

एका सभासदांच्या घरी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. तिजोरी चांगल्या कंपनीची, बोल्ट नवे, चारही घट्ट. खाली शहाबादी फरशी. मालकांना खात्री वाटत होती म्हणून त्यांच्याच मुलाने मागच्या बाजूने पहार लावली. दुसऱ्या झटक्याला तिजोरी उठली, आणि बोल्टांसकट फरशीचे दोन तुकडे वर आले. बोल्ट फरशीत शाबूत होते! फरशीखाली चुन्या-वाळूचा पातळ थर आणि त्याखाली मुरूम. बोल्टाने फरशी धरली होती, पण फरशीला कोणी धरले नव्हते.

बाजारात ज्याला एक्स्पान्शन बोल्ट, अँकर बोल्ट किंवा फास्नर म्हणतात त्याचे काम समजून घेतले की हे लक्षात येईल. त्याच्या खालच्या टोकाला शंकूसारखा जाड भाग असतो आणि त्यावर चिरलेली नळी असते. वरून नट आवळला की शंकू वर ओढला जातो, नळी फाकते आणि भोकाच्या भिंतीला आतून दाबून धरते. म्हणजे त्याची सगळी पकड दाबावर आहे. भोकाची भिंत टणक काँक्रीटची असेल तर ती उलट दाब देते. मुरूम, माती, चुना असेल तर ती नुसती सरकते, आणि फरशी किंवा पातळ कोबा असेल तर फुटतो. खोलीचेही तसेच आहे. वरवर बसवलेला बोल्ट ओढला तर त्याच्याभोवतीचे काँक्रीट उलट्या नरसाळ्यासारखी खपली होऊन निघते. खोली दुप्पट केली तर ही ताकद दुपटीहून बरीच जास्त वाढते. म्हणून दोन इंचांच्या कोब्यात आठ बोल्ट मारण्यापेक्षा सहा इंच काँक्रीटमध्ये चार मारलेले केव्हाही चांगले.

जमिनीचे परीक्षण

माती परीक्षण न करता खताचा डोस ठरवू नये असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. इथेही तेच करायचे, फक्त गिरमिटाऐवजी ड्रिल मशीन.

आधी हातोडीने ठोकून पाहा. खाली भरीव असेल तर ठणका येतो, पोकळ असेल तर भद असा आवाज येतो. मग तिजोरी जिथे बसणार तिथेच, तिच्या तळाखाली झाकला जाईल असा एक बारीक होल पाडा आणि बाहेर येणारी भुकटी बघत चला. राखी-पांढरी भुकटी येत राहिली तर काँक्रीट आहे. तांबडी विटेची. पिवळसर-तांबूस, खरखरीत आली की मुरूम लागला. काळी आली तर भरावात रानातलीच माती टाकलेली आहे, आणि ती घरमालकाला ठाऊक नसेल तर गवंड्याला नक्की ठाऊक असते. किती खोलीवर भुकटीचा रंग बदलला ते ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी लावून मोजा. सलग चार-पाच इंच राखी भुकटी आली तर थेट बोल्ट मारायला हरकत नाही. पण खरे सांगायचे तर आपल्या भागातल्या तळमजल्याच्या खोल्यांत असे क्वचितच आढळते. जोत्यात मुरमाचा भराव, त्यावर तीन-चार इंच साधा कोबा किंवा विटांचा बेड, त्यावर फरशी, अशीच बांधणी बहुतेक घरांची असते. जुन्या घरात तर शेणाने सारवलेली जमीन. अशा ठिकाणी एकच उपाय : तिजोरीखाली काँक्रीटचा पाया घालायचा.

हे काम आपल्याला नवे नाही. विहिरीवर ऑइल इंजिन बसवताना खड्डा खणून, फाउंडेशन बोल्ट उभे करून काँक्रीट ओतले जायचे, आणि गवंडी सांगेल तितके दिवस इंजिन चालू करायचे नाही, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते इंजिन वर्षानुवर्षे धडधडले तरी जागचे हलले नाही. जुन्या वाड्यातले दगडी उखळ आठवा. वाड्याच्या वाटण्या झाल्या, भांडी गेली, दारे-खिडक्या गेल्या, पण जमिनीत गाडलेले उखळ जागच्या जागी राहिले.

समजा तिजोरीचा तळ दोन फूट बाय दोन फूट आहे. तर तीन फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट खोल असा खड्डा घ्या. एवढ्या ठोकळ्याला नऊ घनफूट काँक्रीट लागते. प्रमाण एकास दीडास तीन. सिमेंटची दोन पोती, त्याच मापाची तीन पोती वाळू आणि सहा पोती पाऊण इंची खडी बरोबर पुरते. पाणी पोत्यामागे पंचवीस लिटर, फार तर एखादा तांब्या वर. कामगाराला पातळ माल ओढायला सोपा जातो म्हणून तो बादल्या ओततो, तिथे मालकाने स्वतः उभे राहावे. पातळ काँक्रीट म्हणजे पाणी साचलेल्या रानातला ऊस. दिसायला उभा, आतून मूळ नाही.

हा ठोकळा वाळला की त्याचे एकट्याचे वजन सहाशे किलोच्या आसपास भरते. त्यावर जखडलेली शंभर किलोची तिजोरी चोराच्या लेखी सातशे किलोची झाली, तीही जमिनीत पुरलेली.

खड्ड्याचा तळ पाणी मारून धुम्मसने चांगला ठोकून घ्यावा. तळाशी काळी माती लागली तर आणखी अर्धा फूट काढून मुरूम भरावा, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर ठोकळाही वर-खाली होतो. मग जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा म्हणजे जमिनीची ओल तिजोरीच्या तळाला लागणार नाही. ८ मिलिमीटरच्या सळयांची सहा-सहा इंचांवर जाळी बांधून ती तळापासून दोन-अडीच इंच वर, दगडाच्या कपच्यांवर ठेवावी. जाळी बांधताना तिजोरीच्या तळाच्या चार भोकांचे माप पुठ्ठ्यावर काढून घ्या आणि त्या चार जागांवर सळई येऊ देऊ नका. पुढे ड्रिल मारताना सळई लागली तर काम अडते. काँक्रीट टाकताना सळईने खूप कोचावे, कोपऱ्यांत पोकळ राहता कामा नये. माथा पातळीत घ्यावा. फरशीपेक्षा इंच-दोन इंच वर ठेवला तर घर धुतानाचे पाणी तिजोरीखाली जाणार नाही.

जुन्या पांढरीच्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंती असतील तर भिंतीला अगदी खेटून खड्डा खणू नये, भिंतीचा पाय उघडा पडतो. वीतभर अंतर सोडावे. तेवढी फट तिजोरीमागे राहिली तर तिथे पहार शिरते, म्हणून तिजोरी बसवल्यावर मागची आणि बाजूची फट विटा आणि सिमेंटने बंद करून घ्यावी. पक्क्या घरात सरळ कोपरा पकडावा. दोन बाजू भिंतीच्या झाल्या की पहार घालायला दोनच बाजू उरतात. पहारीच्या टोकाला जागा मिळू न देणे हे निम्मे काम आहे.

दुसऱ्या दिवसापासून ठोकळ्यावर पोते टाकून पाणी मारायचे. सात दिवस तर मारायचेच, चौदा मारले तर उत्तम. आठवड्यात काँक्रीट साधारण दोन तृतीयांश ताकद धरते, पुरी ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. "वरून तर दगड झालाय की" असे म्हणून तिसऱ्या दिवशी ड्रिल घालणारे लोक आहेत. बेण्याचा डोळा फुटला म्हणून कोणी लगेच मोठी बांधणी करतो का? महिनाभर तिजोरी नुसती कडेला राहू द्या. तोवर सोने बँकेत असू द्या.

बोल्ट बसवताना

इंजिनासारखे बोल्ट आधीच काँक्रीटमध्ये उभे करता येतात, पण मग जड तिजोरी उचलून नेमकी चार बोल्टांवर उतरवावी लागते आणि एक बोल्ट दोन सूत जरी सरकला तरी ती बसत नाही. म्हणून आमचा सल्ला असा, की ठोकळा साधा टाकावा, तिजोरी त्यावर नेमक्या जागी ठेवावी, दार उघडावे आणि तिच्या तळाच्या भोकांतूनच खाली ड्रिल मारावे. बोल्टाचे नट तिजोरीच्या आत आले पाहिजेत. बाहेरून क्लिपा मारून, वेल्डिंग करून जखडलेल्या तिजोऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. ज्या पान्याने आपण आवळले त्याच पान्याने चोर सोडवील, आणि वेल्डिंग ग्राइंडरने दोन मिनिटांत कापील.

तळाला कंपनीने भोके दिलेली नसतील तर आपल्या मनाने पाडू नका. आगीपासून राखणाऱ्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये खास मसाला भरलेला असतो. तिथे भोक पाडले की आगीची राखण कमी होते आणि कंपनीची हमीही जाते. विकत घेतानाच विचारावे : तळाला भोके किती, किती मिलिमीटरची, आणि बोल्ट बरोबर देता का?

ड्रिल साधे चालत नाही, हॅमर ड्रिल लागते. ते भाड्याने मिळते. पात्याचा नंबर बोल्टाच्या पुडक्यावर दिलेला असतो, तोच घ्यावा. एक नंबर मोठे भोक म्हणजे बोल्ट फुकट. तिजोरीखाली फरशी ठेवलीच असेल तर फरशीतून जाताना हॅमर बंद ठेवावा, नुसते फिरवून भोक पाडावे, नाहीतर फरशी तडकते. आणि बोल्टाची फाकणारी नळी फरशीच्या खाली, काँक्रीटमध्येच आली पाहिजे. काँक्रीटमध्ये निदान तीन ते चार इंच बोल्ट गेला पाहिजे, फरशी आणि तिजोरीचा तळ यांची जाडी त्यात धरायची नाही. भोक त्याहून अर्धा इंच जास्त खोल असू द्यावे.

मग भोकातली भुकटी काढायची. या कामाला लोक कंटाळतात आणि इथेच पकड जाते. भुकटी राहिली की नळी काँक्रीटला न धरता भुकटीला धरते. सायकलचा पंप घ्या, त्याची नळी भोकाच्या तळापर्यंत घाला आणि हवा मारा. बाटली धुण्याच्या ब्रशाने घासा, पुन्हा हवा मारा. तोंड बाजूला ठेवा, डोळ्यांत जाते.

बोल्ट ठोकून बसवला, वायसर घातला, नट आवळला. दोन-तीन फेऱ्यांत नट जड व्हायला लागला पाहिजे. नुसता फिरतच राहिला तर बोल्ट आत गोल फिरतोय, म्हणजे भोक मोठे झाले किंवा काँक्रीट कच्चे आहे. तिथे पान्याला पाइप लावून जोर करण्यात अर्थ नाही. भोकात रसायन भरून बसवायचा केमिकल अँकर मिळतो, तो फाकत नाही, चिकटून धरतो. तो अशा भोकात चालतो, मात्र काँक्रीट पक्के असले तरच. मुरमात तोही निरुपयोगी. रसायन वाळेपर्यंत, पुडक्यावर लिहिली असेल तेवढी वेळ, नटाला हात लावू नये. तिजोरी डुगडुगत असेल तर खाली पत्र्याच्या चकत्या घालाव्यात. लाकडाच्या पट्ट्या घालू नयेत, लाकूड दबते, सुकते आणि बोल्ट ढिले पडतात. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्यावेत.

कपाट, माडी आणि ओल

पुष्कळ घरांत खरी तिजोरी नसतेच. लग्नात आलेले लोखंडी कपाट आणि त्यातला चोरकप्पा हीच तिजोरी. त्याचा पत्रा पातळ असतो. त्याच्या तळाला बोल्ट मारून पहारीने उचलले तर बोल्ट जागच्या जागी राहतो आणि पत्रा फाटून कपाट वर येते. आतून तळभर लांबीची पाच-सहा मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी टाकून तिच्यातून बोल्ट न्यावेत, म्हणजे जोर वाटला जातो. शिवाय कपाट उंच असल्याने वरच्या बाजूलाही भिंतीला एक-दोन बोल्ट हवेत. पक्क्या विटेत घ्यावेत, सांध्यात नव्हे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या महाराष्ट्राने पाहिला आहे. उंच कपाटाजवळ अंथरूण टाकणाऱ्या घरांनी हे चोरासाठी नाही तरी स्वतःसाठी करावे. इतके करूनही कपाट ते कपाटच. त्यात तोळे-दोन तोळ्यांपलीकडे ठेवू नये.

माडीवर स्लॅब असतो, तिथे काँक्रीटची चिंता नाही, पण जाडीची आहे. घरगुती स्लॅब साधारण साडेचार-पाच इंच. अडीच इंचांच्या पुढे भोक घेतले तर खालच्या खोलीच्या छताचे पोपडे पडतात. विजेचे पाइपही स्लॅबातून गेलेले असतात, तेव्हा वायरमनला विचारून जागा ठरवावी. वजनाचाही विचार हवा. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आखतात. शे-सव्वाशे किलोची तिजोरी भिंतीलगत, तुळईजवळ चालेल. तीनशे किलोची माडीवर नेण्यापूर्वी इंजिनिअरला दाखवा.

ओलीबद्दल दोन शब्द. आग-रोधक तिजोरीतल्या मसाल्यात मुळातच थोडी ओल असते, आणि दार महिनोन् महिने बंद राहिले की कागद दमट होतात. आपला पावसाळा त्यात भर घालतो. कागद प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालावेत, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पंधरवड्यातून एकदा दार उघडून वारा लागू द्यावा. नदीकाठच्या सभासदांनी २०१९ आणि २०२१ चे पूर आठवावेत. फूटभर ओट्याने तेवढे पाणी अडत नाही. पुराचा इशारा आला की कागद आणि सोने बरोबर घेऊन निघावे, जखडलेली तिजोरी राहू द्यावी.

सगळेच सोने घरी ठेवावे असे आमचे म्हणणे नाही. वर्षातून दोनदा अंगावर घालायचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये बरे. मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे, हे माहीत असावे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. बाकीच्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. सातबाऱ्याची काळजी मात्र करू नका, डिजिटल सहीचा सातबारा आता केव्हाही काढता येतो. मूळ खरेदीखत जपा.

तिजोरीचे काम चाललेय हे गावभर होऊ देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. खड्डा खणणाऱ्याला देवघराचा ओटा आहे म्हणून सांगितले तरी चालते, महिन्याने तिजोरी येते तेव्हा तो नसतो. आणि किल्ली! तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, कपाटावरच्या पेपराखाली. चोराला या तिन्ही जागा तुमच्या आधीपासून ठाऊक आहेत. किल्लीने उघडणाऱ्या तिजोरीला कोणी घणही मारत नाही आणि पहारही लावत नाही, मग खालचे दोन पोती सिमेंट कशाला घातले? नंबराचे कुलूप असेल तर नंबर जन्मतारखेचा किंवा मोटारसायकलचा नसावा, आणि बॅटऱ्या दर दिवाळीला बदलाव्यात.

बोल्ट बसवून महिना झाला की आतून एकदा पाना लावून पाहावा. थोडा ढिला झालेला असतो, तो आवळून घ्यावा. त्यानंतर वर्षातून एकदा पुरे. गंज दिसला तर नटाला ग्रीसचे बोट लावावे. पुढेमागे घर बदलले, वाटण्या झाल्या, तिजोरी हलवायची वेळ आली तर आतले चार नट काढले की ती मोकळी होते. ठोकळा तिथेच राहतो. त्यावर पिठाची चक्की उत्तम बसते.